परकी भाषा शिकताना आपली तऱ्हा कोणती?

पूर्वी आपल्या घरांतून मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की टायपिंग, आयटीआय, नर्सिंग, पोलीस भरती एवढ्यावर चर्चा थांबत असे. आता त्यात जर्मन आणि जपानी ही दोन नावे शिरली आहेत. २०१९ साली जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला आणि २०२१ च्या जानेवारीत त्याबाबत भारताशी करार केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. तेव्हापासून नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, आजाऱ्यांची सेवा करणारे अशा मुलामुलींच्या तोंडी ए-वन, बी-वन, एन-फोर असे शब्द ऐकू येतात. या पायऱ्या आहेत. जर्मनची खालून वर ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशी शिडी आहे, तर जपानीची एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत. जर्मनीत नर्स म्हणून पुरा परवाना हवा असेल तर साधारणपणे बी-टू लागते. जपानच्या त्या व्हिसाला एन-फोर किंवा तेवढीच दुसरी परीक्षा चालते.

याला पैसा लागतो. पतपेढीचे कर्ज काढून, आईच्या कानातले गहाण ठेवून फी भरली जाते. घरात ती भाषा कोणालाच येत नसल्यामुळे पोरगी शिकते आहे की नुसती जाऊन येते आहे, हे आईवडिलांना कळायला मार्ग नसतो. आम्ही संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो, तेथे हीच मुले येतात. त्यांच्या तोंडून गेल्या दोन-तीन वर्षांत एक वाक्य आम्ही फार वेळा ऐकले : “काका, माझी शिकायची पद्धतच वेगळी आहे.”

या वाक्याबद्दलच आज लिहायचे आहे.

आमच्या ओळखीची एक मुलगी आहे. वडील सफाई खात्यातून निवृत्त झालेले, आई चौथी शिकलेली. मुलीने जी.एन.एम. केले, एका नर्सिंग होममध्ये पाळ्या करत जर्मनचा क्लास केला आणि बी-वनच्या परीक्षेला बसली. या परीक्षेचे चार भाग असतात : वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे. प्रत्येक भाग शंभर गुणांचा, उत्तीर्ण व्हायला साठ हवेत आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. मुलगी वाचण्यात आणि लिहिण्यात चांगल्या गुणांनी पास झाली. ऐकण्यात व बोलण्यात मात्र नापास. आठ दिवस ती अभ्यासिकेत फिरकलीच नाही. मग एक दिवस आली आणि म्हणाली, “काका, मी मोबाइलवर एक प्रश्नावली सोडवली. त्यात माझा प्रकार ‘वाचून-लिहून शिकणारी’ असा निघाला. माझा कान नाही. जर्मन माझ्यासाठी नाहीच बहुतेक.” आईनेही दुजोरा दिला : “तिला लिहिल्याबिगर काही राहतच नाही हो दादा, लहानपणापासनं.”

ही प्रश्नावली कोठून आली? न्यूझीलंडमधले नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली एका सहकारी प्राध्यापिकेबरोबर ही कल्पना मांडली. काही जण चित्र पाहून शिकतात, काही ऐकून, काही वाचून-लिहून, काही हाताने करून, अशी ती चौकट. पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणातून ती जगभर पसरली. माणसाला एखादी रीत आवडते, सोयीची वाटते, हे खोटे नाही. आमचे स्वतःचे पाहा, चहाची यादीसुद्धा लिहून काढल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. कारकुनाचा हात तो. पण ‘ज्याची जी तऱ्हा तिनेच त्याला शिकवले तर तो अधिक शिकतो’ असे म्हणायचे तर त्याला पुरावा पाहिजे. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे संशोधन तपासले. असा दावा मान्य करण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे ज्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पोरगी दोन वर्षांची मेहनत आणि कर्जाचे हप्ते वाऱ्यावर सोडायला निघाली होती, ती चिठ्ठी तेवढी वजनदार नव्हती.

आम्ही तिला विचारले, “अभ्यास करतेस कुठे आणि कसा?” त्यावर जे ऐकले त्यातच सगळे होते. दहा बाय बाराची खोली. तीत पाच माणसे. संध्याकाळी टीव्ही चालू, शेजारच्या घरातला टीव्हीही आपल्याच घरात ऐकू येतो. रात्री वडील झोपलेले असतात, त्यांना पहाटे उठायची सवय. अशा घरात मोठ्याने जर्मन वाक्ये म्हणणार कोण? म्हटली तर भाऊ नक्कल करून हसणार. तेव्हा पोरीने वही काढली आणि मुकाट्याने लिहीत बसली. दोनशे पानी सहा वह्या भरल्या. तिची ‘तऱ्हा’ जन्माने आलेली नव्हती. ती त्या खोलीने घडवली होती. त्याआधी शाळेने घडवली होती. आपल्या शाळांत इंग्रजीचा धडा म्हणजे शब्दार्थ उतरवणे, प्रश्नोत्तरे उतरवणे आणि चुकले की तेच दहा वेळा लिहिणे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकेकाला बोलते करायला शिक्षकांना सवड तरी कुठली? १९९० च्या दशकात शिकलेल्यांना तर इंग्रजी पाचवीपासून होते (पहिलीपासून ते २००० साली सुरू झाले) आणि दहावी झाल्यावरसुद्धा इंग्रजीत पत्ता विचारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. आपल्याला भाषा डोळ्यांनी आणि हातांनी शिकवली गेली आणि आपण समजलो की आपला स्वभावच तसा.

खरे म्हणजे आपल्या माणसांना कान नाही हे आम्हाला कधीच पटणार नाही. मुंबईत घरकाम करणाऱ्या आपल्या किती भगिनी गुजराती, सिंधी फाडफाड बोलतात! कोणत्या क्लासात शिकल्या? “वाटी दे”, “गॅस कमी कर”, “उद्या पाहुणे आहेत, लवकर ये”, अशी वाक्ये रोज त्याच वेळी, त्याच वस्तूंसमोर कानावर पडली आणि त्यांना लगेच उत्तर द्यावे लागले. आखातात गेलेला मनुष्य वर्षभरात कामापुरती अरबी आणि शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याची मल्याळम घेऊन येतो. आणि आपल्या विहारातल्या आजीबाई! ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नाही त्या त्रिशरण-पंचशीलापासून पुढची गाथा न अडखळता म्हणतात. पाली ही त्यांच्या घरची भाषा नव्हे. सर्वांबरोबर एका सुरात, आठवड्यामागून आठवडे म्हणत गेल्याने ती जिभेवर बसली. मात्र येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर बऱ्याच जणी हसून पदर सावरतात. नुसत्या कानाने सूर येतो, अर्थ आपोआप येत नाही. नुसत्या हाताने वही भरते, बोलता येत नाही.

याच्या उलट नमुना म्हणजे आमच्या अभ्यासिकेतला एक आयटीआय फिटर. जपानी कार्टून मालिका पाहून पाहून हा पठ्ठ्या इतका छान बोलतो की ऐकत राहावे. पण कागद समोर ठेवला की घाम फुटतो. जपानी लिहायला दोन अक्षरमाला, प्रत्येकीत मूळ सेहेचाळीस अक्षरे, आणि वर चिनी चित्राक्षरे. त्या सरकारच्या नेहमीच्या वापरातल्या यादीत ती २,१३६ आहेत. सुरुवातीच्या परीक्षांना त्यातली थोडीच लागतात, पण लागतात. आणि गंमत म्हणजे जपानीच्या ज्या परीक्षेला ही मुले बसतात तिच्यात बोलण्याचा भागच नाही! वाचायचे, ऐकायचे आणि पर्यायावर खूण करायची. म्हणजे या मुलाचा जो हातखंडा, त्याला तेथे गुण नाहीत. तोही म्हणत होता, “सर, मी ऐकून शिकणारा आहे.” त्याला आम्ही सांगितले, बाबा, तू कोणीही अस; कागदावर जे आहे ते डोळ्यांनीच वाचावे लागेल.

आमचे मत असे की तऱ्हा माणसाची पाहण्याआधी भाषेची पाहावी. भाषा स्वतःच सांगते की मला कुठून धरा. जर्मनीत प्रत्येक नामाला लिंग आहे आणि तीच तिची मोठी डोकेदुखी मानली जाते. पण मराठी माणसाने एवढे घाबरायचे कारण नाही. तो, ती, ते आपल्याकडेही आहेतच. हिंदीभाषकाला नपुंसकलिंग नव्याने शिकावे लागते, आपण ते आईच्या दुधाबरोबर शिकलो. फक्त वाटणी निराळी आहे. पुस्तक त्यांच्याकडेही ‘ते’ आणि चंद्र ‘तो’, पण दार ‘ती’ आणि सूर्यसुद्धा ‘ती’. मुलीला जो शब्द आहे, ‘मेडशेन’, तो चक्क ‘ते’. आपण ‘ते पोर’ म्हणतो, तसेच काहीसे. याला तर्क लावून उपयोग नाही. आपण ‘ती खुर्ची’ का म्हणतो याला तरी कुठे तर्क आहे? लहानपणापासून ऐकले म्हणून म्हणतो. तेव्हा जर्मन नाम कधी एकटे पाठ करू नये, त्याच्या ‘डेअर’, ‘डी’, ‘डास’ या शेपटासह मोठ्याने म्हणून कानात बसवावे. हे काम वहीचे नाही.

आकड्यांचेही तसेच. एकवीसला जर्मन माणूस ‘एक आणि वीस’ म्हणतो, आधी एकक मग दशक. इंग्रजी माध्यमाची मुले येथे गडबडतात. आपण मात्र एकवीस, बावीस असे एकक आधी बोलणारेच आहोत. पण वेळ सांगताना सापळा आहे. ‘हाल्प झीबन’ म्हणजे शब्दशः अर्धे सात. मराठी कान लगेच साडेसात समजतो, आणि ते असतात साडेसहा! उद्या रुग्णाला इंजेक्शन कधी द्यायचे हे कोणी तोंडी सांगितले तर? नर्सच्या कामात एका तासाची चूक ही परीक्षेतल्या गुणापुरती राहत नाही. ऐकण्याचा भाग त्या परीक्षेत का ठेवला आहे, हे आमच्या त्या मुलीला या एका उदाहरणाने जेवढे पटले तेवढे आमच्या व्याख्यानाने पटले नसते.

जपानीत कर्ता, कर्म, मग शेवटी क्रियापद असा आपल्यासारखाच क्रम. ‘गाक्को नि इकिमासु’ म्हणजे ‘शाळेला जातो’. प्रत्यय नामाच्या मागून येतो, मराठीसारखाच. इंग्रजीतून जपानी शिकवणारे पुस्तक घेतले की सोपे वाक्य अवघड होऊन बसते. मनात मराठीच ठेवावी. पण ऱ्हस्व-दीर्घाकडे डोळेझाक चालत नाही. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘ब्योओइन’ म्हणजे इस्पितळ आणि ‘बियोओइन’ म्हणजे ब्युटी पार्लर. मुले हे सगळे देवनागरीत उतरवतात आणि तेच वाचतात. पहिले आठ दिवस ठीक आहे. पुढे ती कुबडी होते, कारण वाचताना आवाज मराठीचाच येतो.

येथे बाबासाहेबांची आठवण येणे स्वाभाविक आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ढिगाऱ्यात त्यांनी फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक वर्गही केले. १९२१ साली बॉन विद्यापीठात प्रवेश मागणारे पत्र त्यांनी जर्मनमध्ये लिहिले. आणि पालीसाठी तर व्याकरण व शब्दकोश यांचे काम स्वतः हाती घेतले. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते प्रसिद्ध केले. विहारातल्या ग्रंथालयात तो जाडजूड खंड असेल तर एकदा उघडून पाहावा. एकेक शब्द, त्याचा अर्थ, पुन्हा शब्द. पत्र लिहायचे होते म्हणून जर्मन, धम्म मुळातून वाचायचा होता म्हणून पाली. आपल्याला कोणती रीत मानवते, यापेक्षा आपल्याला त्या भाषेकडून काय हवे आहे, हा प्रश्न पुढे होता.

आता काम कसे करावे ते. पहिली गोष्ट, पुन्हापुन्हा वाचणे म्हणजे अभ्यास ही समजूत सोडावी. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी कागद मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना ‘येते आहे’ असे वाटते. ते वाटणेच फसवते. विसरणे किती झपाट्याने होते हे तर जर्मनीच्याच एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. शिकल्यावर लगेचच सर्वांत जास्त विसरले जाते. म्हणून आठवण्याची खेप दुसऱ्याच दिवशी हवी.

यावर सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ च्या आपल्या पुस्तकात एक स्वस्त युक्ती दिली, ती आम्ही अभ्यासिकेत चालवतो. बुटांचे रिकामे खोके घ्यावे, आत पुठ्ठ्याचे पाच खण करावे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींचे तुकडे कापावे (आपल्याकडे मे महिन्यात त्यांना तोटा नाही). एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला जर्मन किंवा जपानी. सगळे तुकडे पहिल्या खणात. रोज पहिला खण काढायचा. उत्तर आले की तुकडा दुसऱ्या खणात, चुकले की तिथेच. दुसरा खण दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असे अंतर वाढत जाते. पुढच्या कुठल्याही खणातला तुकडा चुकला की तो थेट पहिल्यात परत. यात भीडभाड नाही. आणि हिशेब दोन्ही बाजूंनी व्हावा, आम्ही बी.कॉम.वाले त्याला दुहेरी नोंद म्हणतो. जर्मन पाहून मराठी सांगता आले म्हणजे वाचण्याची बाजू जमली. मराठी पाहून जर्मन तोंडातून निघाले तरच बोलण्याची. बहुतेक मुले पहिलीच बाजू करतात, कारण ती सोपी.

कानासाठी मात्र खोके पुरत नाही. त्या मुलीने लोकलमधली चाळीस मिनिटे ठरवून टाकली. एकच दोन मिनिटांचे संभाषण, तेच, आठवडाभर. आधी नुसते ऐकायचे, मग लिहिलेले पाहत ऐकायचे, मग बोलणाऱ्याच्या मागोमाग ओठ हलवायचे. बायकांच्या डब्यात कोणी लक्ष देत नाही. ज्याची त्याची गडबड. रोज नवे काही ऐकण्यापेक्षा तेच पुन्हा ऐकण्याने तिचा कान उघडला. परीक्षेत काही भाग एकदाच ऐकवतात, तेव्हा पहिल्या ऐकण्यात अर्थ पकडण्याची सवय पुढे वेगळी करावी लागली. बोलण्यासाठी रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या गच्चीवर ती आणि आणखी एक नर्स मुलगी बसू लागल्या. परीक्षेत जोडीदाराबरोबर एखादा बेत ठरवायचा असतो, एका विषयावर थोडे बोलायचे असते आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर प्रश्न विचारायचा असतो. या दोघींनी आतापर्यंत जर्मनमध्ये किती सहली काढल्या असतील त्याची गणती नाही. पहिले दोन रविवार नुसते हसण्यात गेले. ते जाऊ द्यावेत. लाज जायला तेवढा वेळ लागतोच.

तिची वही आम्ही बंद करायला सांगितली नाही, हेही नमूद करतो. तिचे लिहिणे हे तिचे भांडवल आहे. ऐकलेले संभाषण ती आता मिटल्या पुस्तकाने लिहून काढते आणि मग ताडून पाहते. हात तोच, काम बदलले. फिटर मुलालाही आम्ही कार्टून सोडायला लावले नाही. तो खालच्या जपानी ओळी थांबवून वाचतो आणि रोज पाच चित्राक्षरे हाताने काढतो. त्याची परीक्षा येत्या डिसेंबरात आहे.

घरच्यांसाठी थोडे. “कितवा धडा झाला?” असे विचारू नये. “आज काय ऐकलंस, ते मराठीत सांग बरं” असे विचारावे. संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद ठेवावा. मालिकेत काही बुडत नाही, दुसऱ्या दिवशी आधीचे दाखवतातच. भावाला हसायचे असेल तर त्याने बाहेर जाऊन हसावे. आणि क्लासची फी भरण्याआधी तेथे मुलांना तासाभरात किती मिनिटे बोलायला मिळते, हे एकदा मागे बसून पाहावे. नुसता फळा आणि वही चालू असेल तर ते पैसे आपण घरच्या वहीसाठीच भरतो आहोत, असे समजावे.

मुलगी ऐकण्याच्या भागात यंदा एकाहत्तर गुणांनी उत्तीर्ण झाली. बोलण्याचा भाग अजून द्यायचा आहे, तारीख मिळाली आहे आणि त्यानंतर बी-टूचा डोंगर उभा आहेच. सध्या रात्री तिची आईच तुकडे हातात घेऊन बसते. आईला जर्मनचे अक्षर कळत नाही, पण मराठी बाजू वाचता येते आणि लेक अडखळली हे चेहऱ्यावरून कळते. अडखळली की तुकडा पहिल्या खणात, तिथे ती लेकीचेही ऐकत नाही. तिला स्वतःलाही पाच-पंचवीस शब्द येऊ लागले आहेत. फक्त जर्मनीत सूर्य बाईमाणूस कसा, हे काही तिला अजून पटलेले नाही.